ब्लेंडरमधला हिरवा रस: गाळायचा की नाही?

ज्यूसर नाही, नुसता ब्लेंडर आहे. त्यात हिरव्या भाज्यांचा रस नीट होतो का? आणि झालाच तर गाळायचा की तसाच प्यायचा? हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एकदा करून बघितलेला असतो. "वर फेस, खाली पाणी आणि मधे दातात अडकणारे धागे. पुन्हा काही केला नाही," असं सांगतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज सगळंच सांगते.

होतो. छान होतो. आणि मी गाळत नाही.

ज्यूसर रस काढतो आणि चोथा बाजूला टाकतो. ब्लेंडर काहीच बाजूला टाकत नाही. पान, देठ, साल, जे घालाल ते बारीक होऊन त्याच भांड्यात राहतं. म्हणजे खरं तर आपण रस काढत नसतो, भाजी पिण्याइतकी पातळ करत असतो. हे डोक्यात पक्कं बसलं की ज्यूसरसारखा पारदर्शक रस मिळाला नाही म्हणून वाईट वाटत नाही, आणि ब्लेंडरला काय हवंय तेही कळायला लागतं.

त्याला हवं असतं पाणी. १९२२ मध्ये पोलिश-अमेरिकन संशोधक स्टीफन पॉपलाव्स्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवलं ते पेयं घुसळण्यासाठी. रचना आजही तीच आहे: पातं तळाशी, आणि वरचा माल खाली ओढून आणण्याचं काम द्रव पदार्थाचं. कोरडी पानं आधी भरली की ती पात्याच्या वर तरंगत बसतात, पातं खाली रिकाम्या हवेत फिरतं, मोटारचा आवाज चढत जातो आणि पानं जिथल्या तिथे. अशा वेळी लोक वेग वाढवतात. वेग वाढवून काही होत नाही. ब्लेंडर बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, लाकडी चमच्याने पानं खाली दाबा आणि थोडं पाणी घाला. मधोमध भोवरा फिरताना दिसला की समजायचं, आता काम सुरू झालं.

माझं दोन मोठ्या पेल्यांचं माप असं: मूठभर पालक, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, एक मध्यम काकडी, थोडी कोथिंबीर, पुदिन्याची आठ-दहा पानं, अर्धं हिरवं सफरचंद, नखाएवढं आलं, दीड वाटी थंड पाणी, आणि अर्ध्या लिंबाचा रस. यातलं लिंबू सगळ्यात शेवटी.

आधी फक्त पाणी, पानं आणि आलं. काकडी-सफरचंद नाही. सगळं एकदम घातलं तर काकडीच्या फोडी लगेच वाटल्या जातात, आपल्याला वाटतं झालं, आणि पानांचे तुकडे तसेच राहतात. दातात येणारे धागे ते हेच. पानं आणि पाणी एवढंच फिरवलं की तीस-चाळीस सेकंदांत मिश्रण एकजीव होतं. सुरुवातीला पानं भांड्याला आपटल्याचा फटफट आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. थांबून थेंबभर चमच्याच्या पाठीवर घ्यायचं आणि चमचा उजेडात तिरका धरायचा. गडद ठिपके सुटे दिसत असतील तर आणखी दहा सेकंद. चमच्यावरून सलग हिरवा पडदा ओघळला की मग काकडी आणि सफरचंद, आणि पुन्हा वीसेक सेकंद. यापेक्षा जास्त फिरवू नका. पात्याच्या घर्षणाने रस कोमट होतो, हवा मिसळत राहते आणि फेस वाढतो. फेस आलाच तर पाच मिनिटं पेला तसाच ठेवा, बराचसा बसतो.

जाड देठ मात्र काढून टाका. कोथिंबिरीचे कोवळे देठ चालतात, त्यांनाच तर खरा वास असतो. पालकाचे जाडे, दोरे सुटणारे देठ सूपमध्ये घाला.

आता लिंबाचं. पान वाटलं की पेशी फुटतात, आतल्या द्रव्यांना हवा लागते आणि चिरलेल्या सफरचंदासारखा रस काळपट पडायला लागतो. लिंबाच्या आंबटपणाने ते थोपतं. पण हाच आंबटपणा हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हळूहळू बाहेर काढतो, आणि पोपटी रंगाचा शेवाळी होतो. म्हणून लिंबू पेल्यात, पिण्याच्या आधी. त्याने पालकातलं लोह अंगी लागायलाही मदत होते, आणि कच्च्या पानांचा उग्रपणा मोडतो.

मग गाळायचं का नाही? कारण पोट भरल्यासारखं वाटतं ते तंतूंमुळे, पोट साफ राहतं ते तंतूंमुळे, आणि फडक्यात राहतात तेही तंतूच. शिवाय पानातला हिरवा-पिवळा ऐवज, म्हणजे ल्युटीन, बीटा कॅरोटीन, के जीवनसत्त्व, हा पाण्यात विरघळणारा नाही. पानाच्या कणांना धरून असतो. चोथा फेकला की त्यातलाही वाटा जातो. ही द्रव्यं स्निग्ध पदार्थासोबत चांगली शोषली जातात, म्हणून मी रसाबरोबर चार-पाच बदाम चावून खाते.

ज्यांना एवढा कच्चा पाला सोसत नाही, पोट फुगतं, किंवा डॉक्टरांनी तंतू कमी ठेवायला सांगितलंय, त्यांनी खुशाल गाळावा. त्यासाठी बारीक जाळीची गाळणी नको, ती दोन मिनिटांत तुंबते. स्वच्छ मलमलीचं फडकं घ्या, चारही टोकं एकत्र धरून पिळा. चोथा त्याच दिवशी कणकेत किंवा सूपमध्ये जाऊ दे.

इथवर कृती झाली. पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते आईमुळे शिकले.

आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, वॉर्फरिन. तिच्या रक्ताची तपासणी ठरलेल्या दिवशी होते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा एका पट्ट्यात राहावा लागतो. मी उत्साहाने तिला रोज सकाळी हिरवा रस द्यायला लागले, तोही मूठभर पालकाचा नाही, चांगला अर्ध्या जुडीचा. तीन आठवड्यांनी आकडा खाली आला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली का?" नाही. "जेवणात काही बदल?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघीही म्हणालो, नाही. रस आमच्या हिशेबात जेवण नव्हताच! निघताना दाराशी आई सहज म्हणाली, "आता घरी जाऊन माझा हिरवा रस दे," आणि डॉक्टरांनी आम्हाला परत बसवलं.

पालकात के जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि ते रक्त गोठायला मदत करतं. वॉर्फरिनचं काम नेमकं त्याच्या उलट. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ९० ते १२० मायक्रोग्रॅम के पुरतं. तेवढं जेमतेम ३० ग्रॅम कच्च्या पालकात मिळतं. मी तिला कितीतरी पट देत होते, प्रेमाने. त्या दिवशी मला बरंच काही लागलं मनाला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, पालेभाज्या बंद करू नका, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि काही नवीन सुरू करायच्या आधी मला सांगा.

तेव्हापासून मी एक माप धरते: जेवढा पाला ताटात घेऊन चावून खाल्ला असता, तेवढाच ब्लेंडरमध्ये. पाव किलो कच्चा पालक चावून खायला बसलात तर अर्ध्यावरच जबडा दुखेल आणि तुम्ही थांबाल. ब्लेंडर तो पाव किलो एका मिनिटात पेल्यात आणून ठेवतो. चावताना जो लगाम असतो तो इथे नाही, म्हणून तो आपण हातात ठेवायचा.

हे फक्त आईसारख्यांसाठी नाही. पालक, चार्ड (बीटच्या जातीची पालेभाजी), बीटची पानं यांत ऑक्झलेट नावाचं द्रव्य खूप असतं, आणि मुतखड्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचाच. ज्यांना एकदा खडा झालाय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी रोजचा पालकाचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. बाकीच्यांनीही पानं आलटून पालटून घ्यावीत: आज पालक, उद्या लेट्यूस, परवा केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा थोडा कोबी.

आणि कडू काकडी, कडू दुधी कधीही वाटू नका. त्यांचा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. भाजीतली एखादी कडू फोड आपण थुंकून टाकतो. रसात आलं, लिंबू, सफरचंद घातलं की ती चव लपते आणि अख्खा पेला पोटात जातो. उलट्या-जुलाबांपासून जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाऊ शकते. प्रत्येक काकडीची, प्रत्येक दुधीची एक फोड आधी जिभेवर ठेवून बघा. कडू लागली तर अख्खी टाकून द्या, हळहळू नका.

पानं धुताना मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं बुडवून हलवा आणि वरून हाताने उचलून काढा. पातेलं उपडं केलंत तर तळाची माती पुन्हा पानांवरच येते. तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत पाणी बदला. गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस घरात असेल तर त्यांच्यासाठी पानं वाफवूनच घ्या. धुण्याने सगळे जंतू जात नाहीत.

या रसाने शरीरातली घाण निघून जाते असंही ऐकायला मिळतं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं दिवसरात्र करतच असतात. रसाचं काम भाजीचं आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे. फक्त गोडीसाठी तीन-तीन सफरचंदं आणि वर मध घालू नका. फळांच्या रसातली आणि मधातली साखर जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरली आहे.

ठेवायचाच असेल तर काठोकाठ भरलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, आणि त्याच दिवशी संपवा. पण मी सांगेन, करा आणि प्या. ब्लेंडरचं भांडंही तेव्हाच धुवा: अर्धं पाणी, साबणाचा थेंब, दहा सेकंद फिरवायचं. वाळलेला हिरवा थर पात्याखालून काढणं फार जिकिरीचं काम आहे.

आई अजूनही रस घेते. डॉक्टरांना विचारून ठरवलेला, अर्धा पेला, काकडी-पुदिन्याचा आणि त्यात लेट्यूसची मोजून दोन पानं, रोज तेवढाच. ती दोन पानं आता ती स्वतःच मोजून घालते.