चिठ्ठी नसलेली खुर्ची

गेल्या शनिवारी इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या, एका चॅरिटी शॉपने (दानात आलेल्या वस्तू विकून धर्मादायाला पैसे जमवणारं दुकान) माझी खुर्ची घ्यायला नकार दिला. विकत नव्हे हो, फुकट!

खुर्ची 1960 च्या आसपासची. बुटकी, तिरप्या पायांची, हळदीच्या रंगाची. (इथे या रंगाला मस्टर्ड म्हणतात. आपली मोहरी काळी, त्यामुळे माझ्या तोंडी हळदच बसलीय.) दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांकडून 15 पौंडांना घेतलेली. मागच्या महिन्यात न्यूअर्कच्या जुन्या वस्तूंच्या जत्रेला गेले. 84 एकरांचं मैदान, चालून चालून पायाचे तुकडे पडतात. तिथून दांड्यांच्या पाठीची, अर्कॉल कंपनीची जुनी खुर्ची उचलून आणली, आणि नवऱ्याने जाहीर केलं की आता एक आली तर एक जाणार. हळदीचा नंबर लागला.

दुकानात गल्ल्यावर पंचाहत्तरीच्या बाई, चष्मा साखळीला लटकवलेला. त्यांनी खुर्ची उलटी केली, गादीखाली हात घातला, शिवणीवरून बोट फिरवलं. सासूबाई भाजीत केस शोधतात तसं. मग म्हणाल्या, "लेबल नाही. सॉरी, मी डक."

नॉटिंगहॅममध्ये समोरच्याला प्रेमाने 'मी डक', म्हणजे 'माझं बदक', म्हणतात. बसचा ड्रायव्हरसुद्धा. नवीन होते तेव्हा मला अपमान वाटायचा. आता मी जिन्यातल्या भिंतीवर चिनीमातीची तीन उडती बदकं लावलीत, मोठं-मधलं-धाकटं अशी. इथल्या आज्यांच्या घरी ती हमखास असायची, मग लोक त्यांना हसायला लागले, आणि आता माझ्यासारखे लोक पैसे देऊन घेतात.

तर लेबल. 1988 चा नियम आहे: दुकानाला जुनं गादीचं फर्निचर विकायचं तर ते आगीच्या चाचणीत उतरणारं हवं, आणि त्याचा पुरावा म्हणून दुकानं शिवलेलं कायमचं लेबलच बघतात. कुणी कात्रीने कापून टाकलं असलं तरी संपलं. मात्र वस्तू 1950 च्या आधीची असेल तर सूट! मी विचारलं, "म्हणजे हीच खुर्ची दहा-बारा वर्षं आणखी म्हातारी असती तर चालली असती?" बाई म्हणाल्या, हो. ती आजोबांनी मला विकली ते कसं चाललं? तर ते घरातलं सामान विकत होते, धंदा करत नव्हते. दुकान धंद्यात मोडतं, मग ते धर्मादाय का असेना.

खुर्ची काखोटीला मारून परत आले. रस्ताभर मनातल्या मनात भांडत होते. ज्या देशात रविवारी माणसं गाडीची डिकी उघडून आजीचे चमचे विकतात, तिथे धडधाकट खुर्ची दान करता येत नाही? आपल्याकडे ही खुर्ची भंगारवाल्याने दारात येऊन, घासाघीस करून, वर उपकार केल्यासारखी नेली असती. गादी खराब असेल तर कारागीर खालीच पथारी मांडून दुपारपर्यंत नवी करून देतो. इथल्या कारागिराने नियमात बसणारा फोम आणि कापड घालून द्यायचे 380 पौंड सांगितले. पंधराच्या खुर्चीला!

रात्री राग उतरल्यावर 1950 चं गणित लक्षात आलं. त्याआधी खुर्च्यांत घोड्याचे केस, लोकर, आपला काथ्या भरत. नंतर फोम आला. स्वस्त, मऊ, पण पेटला की भराभर जळतो आणि धूर विषारी. मे 1979 मध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ्स या मोठ्या दुकानात फर्निचरच्या विभागात आग लागली आणि दहा माणसं गेली. नियम कडक होत होत 1988 चा हा नियम आला. बाईंशी वाद घालताना मी म्हणणार होते, "आमच्या सांगलीच्या घरी सोफ्यापासून हातभरावर समई असते, आजवर काही झालेलं नाही." बरं झालं, बोलले नाही. नंतर फोनवर आईला समई दोन हात सरकवायला सांगितली. ती म्हणाली, "तिकडे राहून घाबरट झालीस."

आईला या जुन्या सामानाचा मुळातच राग. व्हिडिओवर नवी वस्तू दिसली की पहिला प्रश्न: "कुणाची होती गं? माणूस आहे ना?" बहुतेक वेळा नसतो. इथे माणूस गेला की घर रिकामं करून देणारे लोक येतात, आणि सामान बाजारात. आपण गेलेल्याची गादी-उशी घरात ठेवत नाही. मी सांगते, लाकडाला काही लागत नाही. शिवाय आजीचं शिसवी फडताळ आपणही विकलंच की, ते आज कुणाच्या तरी हॉलमध्ये मिरवत असेल. आई म्हणते, "ते तिच्यादेखत विकलं. आणि मॉड्युलर किचन कुणाला हवं होतं?"

मला हवं होतं. पण तेव्हा मी बावीसची होते, आणि त्या फडताळात झुरळं होती.

खुर्ची परत बेडरूमच्या कोपऱ्यात आलीय. नवरा तिच्यावरच बसून मोजे घालतो, तक्रार बंद.

आता वाद मँटलपीसचा, म्हणजे शेकोटीवरच्या फळीचा आहे. तिथे मी स्टॅफर्डशायरची चिनीमातीची कुत्री ठेवलीत: पांढरी, लांब कानांची, गळ्यात सोनेरी साखळी, एकमेकांकडे बघणारी जोडी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशी घरोघर असत. माझी नक्कल आहेत. पोटाखालच्या भोकात बोट जातं. जुन्यांना भोक टाचणीएवढं असतं, हे विकणाऱ्यानेच दाखवलं. दोघांच्या मधोमध आमचा पितळी गणपती होता. आईने फोनवर बघितलं आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी गणपती हलवून तिथे दत्ताची तसबीर टेकवली आणि कॅमेरा फिरवला.

आईने चष्मा लावून नीट पाहिलं. "दत्ताला चार लागतात," म्हणाली. "जोडी अजून मिळते का बघ."