तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रविवारी मी मंडळात का नव्हते

30 ऑक्टोबर 2022. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम सोडून मी नॅशव्हिलमधल्या माझ्याच घरी टीव्हीसमोर का बसले होते? प्रत्येक हळदीकुंकवाला कुणी ना कुणी विचारतंच.

लोरेटा लिनसाठी, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीतातल्या त्या जुन्या गायिकेसाठी. ती 4 ऑक्टोबरला गेली आणि त्या संध्याकाळी ग्रँड ओल ऑप्री या इथल्या कंट्री संगीताच्या प्रसिद्ध सभागृहातून तिच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम सीएमटी या टीव्ही वाहिनीवर थेट दाखवत होते. नंतर बघता आलं असतं म्हणता? आलं असतं. फराळही नंतर मिळतो.

तिनं 2016 मध्ये ट्रम्पला पाठिंबा दिला होता, हे पुन्हा सांगू नका. पंधराव्या वर्षी लग्न, बाहेरख्याली, दारुडा नवरा, तरी 1996 मध्ये तो जाईपर्यंत त्याच्याशीच संसार, हेही ठाऊक आहे. पहिली गिटार त्यानंच आणून दिली, हे मात्र कुणी बोलत नाही.

ही गाणी का ऐकतेस असं कुणी विचारलं की पूर्वी मी ‘मला त्यातली स्टील गिटार आवडते’ म्हणून विषय संपवायचे. खोटं नव्हतं, सोयीचं होतं.

आई तेव्हा कराडहून आलेली. शेजारी बसून निवडणं-टिपणं चाललेलं. ‘दारू पिऊन घरी येऊ नकोस’ हे बायकोनं सुनावायचं लोरेटाचं गाणं जॉर्ज स्ट्रेट या गायकानं म्हटलं. बाप्यानं! आईला तो टोपीवाला आवडला. मग मार्गो प्राइस ही गायिका आली आणि तिनं लोरेटाचंच ‘द पिल’ धरलं.

“ही काय म्हणतेय?”

म्हटलं, दरवर्षी बाळंतपण करून कंटाळलेली बाई नवऱ्याला सांगतेय, आता माझ्याकडे गोळी आहे. 1975 मध्ये कितीतरी रेडिओ स्टेशनांनी हे गाणं लावायला नकार दिला होता. आई हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “त्याच साली तू झालीस.”

मग ताटातल्या मुगाकडे बघतच बोलत राहिली. दोन मुलींनंतर ऑपरेशनचं ठरलं होतं. दवाखान्यात जायचा दिवससुद्धा. आजीनं मोडता घातला, नातू हवा होता. वडील गप्प बसले. “मला कुणी विचारलंच नाही,” म्हणाली, आणि वर, “तू झालीस तेव्हा मी दोन दिवस तुला बघितलं नव्हतं.”

टीव्हीवर टाळ्या चालल्या होत्या. पुढं एमी रसेल, लोरेटाची नात, कंट्री गायक विली नेल्सनच्या मुलाबरोबर आजीचं गाणं गायली. ते मी नीट ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर आईवर चिडले होते. हे आत्ताच का सांगायचं? की आत्ताच सांगता आलं?

तुमच्यापैकी एकीनं विचारलं होतं, अशा गाण्यात तुला काय सापडतं? मी त्या गाण्याच्या बाजूची आहे. आईला वेळेवर गोळी मिळाली असती तर मी नसते, तरीही. हे मी तिला त्याच रात्री बोलूनही दाखवलं.

“तुला काय जातंय म्हणायला,” ती म्हणाली, “तू आहेस ना आता.”