सगळ्यात गार जागा जेवणाच्या टेबलांना का दिली?

म्हापसा-डिचोली रस्त्यावर, अस्नोड्याच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या काजू कारखान्यात मी एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस केलं. ते बघायला येणारी माणसं पश्चिमेच्या ओसरीवर पोचली की हमखास थांबतात. समोर जुना फणस, खाली शेत, आणि दुपारी एकच्या सुमाराला थेट अंगावर येणारा वारा. मग विचारतात, "मॅडम, एवढी छान जागा जेवणाच्या टेबलांना कशी दिलीत? साहेबांची केबिन इथे का नाही?" कंपनीच्या संचालकांनीही पहिल्या बैठकीत हेच विचारलं होतं. जाता जाता द्यायचं उत्तर नाही ते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

त्याचं कारण माशाच्या हुमणात, म्हणजे आमच्याकडच्या नारळाच्या आमटीत आहे.

ही कंपनी आधी पणजीत, एका काचेच्या इमारतीत भाड्याच्या मजल्यावर होती. १४ माणसांची कंपनी ६२ वर गेली आणि टेबलं जिन्यापर्यंत आली, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. नकाशा काढण्याआधी मी त्यांच्याकडे तीन दिवस मागितले. एका कोपऱ्यात वही घेऊन बसले आणि कोण कुठे जातं, कधी उठतं, काय टाळतं, एवढंच लिहीत राहिले. पँट्रीच्या दारावर कागद चिकटवला होता: डब्यात मासळी आणू नये. गोव्यातल्या ऑफिसात! नियम दुष्टपणाने केलेला नव्हता. काचा उघडतच नव्हत्या, त्यामुळे दुपारी उघडलेल्या डब्याचा वास संध्याकाळपर्यंत टेबलांवर रेंगाळायचा आणि तक्रारी यायच्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने उतरत होते. मधल्या वळणावर लेखा विभागातली डिचोलीची मुलगी पायरीवर वर्तमानपत्र पसरून जेवत होती. स्टीलच्या डब्यात उकडा भात, सुंगटाचं (कोळंबीचं) हुमण, झाकणावर तळलेल्या बांगड्याचा अर्धा तुकडा. मला बघून, मी काही बोलायच्या आत, तिने डब्यावर झाकण ठेवलं. बांगडा झाकणाखाली गेला, हात तसाच हुमणाने माखलेला. मी पुढे उतरले खरी, पण ते झाकण ठेवणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. आईने पहाटे उठून रांधून दिलेलं जेवण ही मुलगी चोरून खात होती.

त्या वासाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. वास बाहेर जात नाही म्हणजे हवा बाहेर जात नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतलीच ओढतो, गार करतो, परत सोडतो. तिसऱ्या दिवशी मी कार्बन डायऑक्साइड मोजायचं लहानसं यंत्र नेलं. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२५ भाग, असतो. मीटिंगच्या खोलीत नऊ माणसं, दार बंद, पाऊण तास झाल्यावर आकडा होता १,९००. दुपारच्या मीटिंगमध्ये सगळे पेंगतात याचा दोष सगळे भाताला देत होते.

आणि शाली. मे महिना, बाहेर ३४ अंश, आणि आत खुर्च्यांच्या पाठीवर शाली, स्वेटर, एकीकडे तर रुमालात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. एसी २१ वर. २०१५ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये मांडलं होतं, की ऑफिसच्या तापमानाचे मापदंड चाळिशीतल्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचं शरीर धरून ठरलेत. बैठं काम करणाऱ्या तरुण स्त्रीच्या शरीरात त्याहून बरीच कमी उष्णता तयार होते. म्हणजे या मुली कुडकुडाव्यात यासाठी कंपनी दर महिन्याला विजेचं बिल भरत होती. पर्यावरणाची काळजी आणि माणसांची काळजी यांच्या दोन वेगळ्या फायली करायच्या नाहीत, हे माझं त्या तीन दिवसांत पक्कं झालं.

आता जागेचं. आम्ही आधी नकाशावर ६२ जणांची गावं मांडली. पेडणे, डिचोली, वाळपई, म्हापसा, थोडी बांदा-सावंतवाडीकडची. पणजीत राहणारे फक्त सात निघाले. म्हणून कदंबच्या बसने येता येईल अशी जागा शोधत आम्ही या रस्त्यावर आलो. कारखाना चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, उंच, वर मंगळुरी कौलं. पाडून नवं बांधा, असं दोघा कंत्राटदारांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. जगातल्या कार्बन उत्सर्जनाचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, आणि इथे दीड फुटी भिंती आयत्या उभ्या होत्या. खाणीतून काढताना मऊ असलेला चिरा हवा लागून कठीण होत जातो. या भिंतींत खिळा ठोकायला घाम निघाला.

कौलं उतरवून एकेक वाजवून घेतली. चांगलं कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. दोन माणसं आठवडाभर तेवढंच करत होती, आणि तीनचतुर्थांशाहून जास्त कौलं परत छपरावर चढली. मात्र नुसत्या कौलांखाली मे महिन्यात डोकं भाजतं, म्हणून खाली लाकडी अस्तर, मध्ये वीतभर पोकळी, आणि आढ्यापाशी गरम हवेला बाहेर पडायला फट ठेवली.

हे काम चालू असताना शेजारच्या एक मावशी रोज येऊन बघत. त्यांनी याच कारखान्यात वीस वर्षं काजू फोडले होते. टरफलाच्या तेलाचे काळे डाग बोटांवर अजून आहेत. मी पश्चिमेच्या ओसरीवर वाऱ्याचा अंदाज घेत उभी होते, तर म्हणाल्या, "बाय, दनपारां आमी सगळीं हांगाच बसून जेवतालीं." म्हणजे दुपारी त्या सगळ्या इथेच बसून जेवायच्या. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो, ते इथे अंगाला कळतात. दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, नेमका जेवणाच्या वेळी. एक-दीडला ऊन अजून डोक्यावर असतं, ओसरीत शिरत नाही. साडेचारनंतर मात्र सूर्य खाली येतो आणि ओसरीत आडवं ऊन पडतं. तिथे केबिन केली असती तर संचालकांनी संध्याकाळी पडदे ओढून, दिवा लावून, एसी चालवून काम केलं असतं. तीच जागा बारा ते चार वापरली तर तिला वीज जवळजवळ लागत नाही. हे गणित मांडल्यावर संचालक गप्प बसले, आणि मग स्वतःच म्हणाले की माझी खुर्ची सगळ्यांबरोबर उत्तरेच्या दालनात ठेवा.

उत्तरेचा उजेड बारा महिने सौम्य असतो असं पुस्तकं सांगतात, पण ती पुस्तकं थंड देशातली. आपण साडेपंधरा अक्षांशावर आहोत. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून त्या खिडक्यांनाही पडवी दिली. या दालनात एसी आहेत. एप्रिल-मेच्या दमटपणात नुसत्या पंख्यावर आठ तास काम करा, असं मी कुणाला सांगणार नाही. पण ते २६ वर असतात, वर पंखे फिरतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या उघड्या राहतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या गटाने भारतीय ऑफिसांतल्या माणसांना विचारून जे सूत्र बसवलं, त्यानुसार खिडक्या उघडणाऱ्या इमारतीत बाहेरची सरासरी २८ अंश असेल तर आतही २८ च्या आसपास माणसाला बरं वाटतं. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते आलं आहे. एसी एक अंशाने वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २१ वरून २६ म्हणजे किती, ते तुम्हीच बघा.

ओसरीला लागून पाळणाघर आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की ते द्यावंच लागतं, २०१७ पासून तसा कायदा आहे. पण कायद्यापुरती अंधारी खोली न देता आम्ही ते फणसाच्या बाजूला घेतलं. जेवताना आयांना पोरं दिसतात.

माझी चूक पावसाने दाखवली. पहिल्याच जूनमध्ये वाऱ्याबरोबर सरी चार फूट आत आल्या, टेबलं भिजली, बाकांवर हिरवट बुरशी धरली. वळचण आणखी पुढे काढायला हवी होती. मी कागदावर उभा पाऊस धरला होता, आपला पाऊस आडवा येतो हे जन्मापासून माहीत असून. पुन्हा मावशींनीच सुचवलं आणि माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले. वारा गाळून येतो, पाणी बाहेर थांबतं. आता दर मेअखेर ते बांधायचं काम ठरलेलं आहे, घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात तसं. ओल्या रेनकोटांसाठी सर्व्हरच्या खोलीमागे अरुंद खोली केली. सर्व्हरची गरम हवा पंख्याने तिथे सोडली आहे. दुचाकीवरून भिजत आलेल्या मुलाला संध्याकाळी कोरडा रेनकोट मिळतो.

गेल्या महिन्यात कंपनीने कळवलं, पुढच्या वर्षी माणसं ९० होतील. ओसरी काचेने बंद करून तिथे २० टेबलं बसतील का? मी लेखी नाही कळवलं, आणि सोबत दक्षिणेच्या जुन्या गोदामाचा नकाशा जोडला. तिथे २४ बसतात, खर्च थोडा जास्त आहे. बुधवारी त्यावर बैठक आहे. मी ती साडेबाराला ठेवायला सांगितली आहे, ओसरीवर. लेखा विभागातली ती मुलगी आता त्या विभागाची प्रमुख आहे; बैठकीला तीही असणार, आणि डबा घेऊन या, असं मी सगळ्यांना कळवलं आहे.