आईच्या टीव्हीवरचे जाड चेहरे आणि त्या काळ्या पट्ट्या

मे महिन्यात नाशिकला घरी गेले होते. दुपारची जेवणं झाल्यावर आई आणि मावशी टीव्हीसमोर बसून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमा बघत होत्या. मी मागून जाता जाता बघितलं आणि तिथेच थांबले, कारण पडद्यावरची ती नाजूक बाई, जिचे फोटो आपण लहानपणापासून बघत आलोय, ती चक्क दुप्पट दिसत होती. गाल पसरलेले, कपाळावरचं कुंकू आडवं, मागे तुळशीवृंदावन पण बसकं. मावशी म्हणाली, पूर्वीच्या नट्या अंगाने अशाच असायच्या गं. आणि आईने मान डोलावली. मला खरंच वाईट वाटलं. त्या बाईने आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर काम केलं, कॅमेरामनने एकेक लाइट विचार करून लावला, आणि सत्तर वर्षांनी आपल्या हॉलमध्ये तिचा चेहराच आपण बदलून टाकलाय, तोही एका चुकीच्या सेटिंगमुळे.

मी रिमोट मागितला तर आई म्हणाली, तू नको काही करूस, मागच्या वेळी तुझ्या भावाने काहीतरी दाबलं आणि दोन्ही बाजूंना काळं आलं, एवढे पैसे देऊन मोठा टीव्ही घेतला तो काय पाऊण बघायला? हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय. आईचं चुकतंय असं मला वाटत नाही, तिला कुणी नीट सांगितलंच नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

तर गोष्ट अशी की आपला जुना डब्बा टीव्ही होता ना, त्याच्या चित्राचा आकार ४:३, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३. हा आकार टीव्हीवाल्यांनी शोधला नाही, तो सिनेमाकडून आला. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या माणसाने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, तिच्या कडेला असतात त्या चार भोकांच्या उंचीची एक चौकट ठरवली, ती साधारण ४:३ भरली, आणि पुढे साठेक वर्षं जग थोड्याफार फरकाने त्याच चौकटीतून सिनेमे बघत राहिलं. आपल्या प्रभातचे सिनेमेही त्याच घराण्यातले. मग टीव्हीनेही तोच आकार घेतला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, १९८२ला रंग आले, १९८७ला रामायण आलं, हे सगळं सगळं ४:३मध्ये. तेव्हाच्या कॅमेरामनने ती चौकट डोळ्यासमोर ठेवूनच माणसं उभी केली आहेत.

रुंद पडदा आला तो भांडणातून. अमेरिकेत टीव्ही घरोघरी गेल्यावर थिएटरं रिकामी पडायला लागली, मग घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायचं म्हणून १९५३ला सिनेमास्कोप, म्हणजे खूपच रुंद चित्राचा सिनेमा, आलं. आपल्याकडे गुरुदत्तने १९५९ला कागज के फूल सिनेमास्कोपमध्ये केला, तो भारतातला पहिला. मग इतके वेगवेगळे आकार झाले की नवा हाय डेफिनिशन टीव्ही कुठल्या आकाराचा करायचा हा प्रश्न पडला, आणि १९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने एक फार सुंदर गोष्ट केली. त्याने सगळ्या आकारांचे चौकोन सारख्या क्षेत्रफळाचे कापून एकमेकांवर मध्यभागी ठेवले. त्या सगळ्यांना बाहेरून सामावून घेणारा चौकोन आणि सगळ्यांच्या आत मावणारा चौकोन, दोन्हींचं प्रमाण एकच निघालं, साधारण १.७७, म्हणजेच १६:९. मला हे वाचल्यापासून १६:९बद्दल माया वाटते. हा आकार मुळात तडजोडीचा आहे, सगळ्यांना थोडी थोडी जागा देणारा. जुनं चित्र आलं की बाजूला थोडं काळं, सिनेमास्कोप आलं की वर-खाली थोडं काळं. काळ्या पट्ट्या हा बिघाड नाहीच, त्या ठरवूनच धरलेल्या आहेत.

आता आईचा टीव्ही. ३२ इंची. मी शिवणाची टेप घेऊन मोजला, पडदा ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच. त्यावर ४:३चं चित्र खरं दिसायला हवं तर ते ५३ सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना ९-९ सेंटिमीटर काळं. तेच चित्र ७१पर्यंत ओढलं की प्रत्येक गोष्ट ३३ टक्के रुंद होते, उंची तेवढीच. चेंडू अंडाकृती, गाडीची चाकं अंडाकृती, माणसं तर विचारूच नका. आणि आईला मी हे पण सांगितलं की आपल्या जुन्या २९ इंची डब्ब्याची काच साधारण ५४ बाय ४१ होती, म्हणजे पट्ट्या ठेवून जे चित्र दिसतं ते आपल्या जुन्या टीव्हीएवढंच आहे, काहीही लहान झालेलं नाही, नवीन टीव्हीने फक्त बाजूला जास्तीची जागा दिलीय. हे मात्र तिला पटलं, टेप स्वतःच्या हाताने लावून बघितली तिने.

पण खरा घोळ सेट टॉप बॉक्समध्ये होता. आईची तक्रार अशी की जुन्या सिनेमाला स्क्रीन पूर्ण भरते आणि नव्या सिरियलला उलट वर-खाली पट्ट्या येतात, असं कसं? मी मेन्यूत गेले तर सेट टॉप बॉक्सला सांगून ठेवलेलं होतं की टीव्ही ४:३ आहे, लेटरबॉक्स कर. म्हणजे बॉक्स बिचारा रुंद सिरियल आली की ती डब्ब्या टीव्हीत मावावी म्हणून वर-खाली काळं घालून बारीक करत होता, आणि टीव्ही ‘फुल’वर असल्यामुळे ते सगळं परत आडवं ओढत होता. म्हणजे सिरियलमधली माणसं पण जाड, शिवाय पट्ट्या पण! यावर उपाय म्हणून ‘झूम’ दाबतात बरेच जण, त्याने चित्र मोठं होऊन पट्ट्या बाहेर जातात आणि आकार बरोबर होतो हे खरं, पण साध्या (एचडी नसलेल्या) चॅनेलच्या चित्राच्या ५७६ आडव्या रेघांपैकी फक्त ४३२ रेघा उरतात आणि मग चित्र धुरकट आहे म्हणून केबलवाल्याला फोन.

हे सेटिंग असं का राहिलं तेही कळण्यासारखं आहे. केबल डिजिटल करायची मुदत मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ होती, नाशिक-पुण्याला ३१ मार्च २०१३. त्या गडबडीत घरोघरी बॉक्स लागले तेव्हा बहुतेकांकडे डब्बा टीव्हीच होता, तेव्हा ४:३ हेच बरोबर होतं. नंतर टीव्ही बदलला, पिवळी-लाल-पांढरी वायर तीच लावली, बॉक्सचा मेन्यू कुणी उघडलाच नाही. आणि साध्या डिजिटल चॅनेलची गंमत अशी की रुंद चित्र असो की जुनं, दोन्ही ७२० बाय ५७६ ठिपक्यांतच येतं, सोबत फक्त एक छोटी खूण येते की हे १६:९ समजा किंवा ४:३ समजा. ती खूण वाचायची की नाही, वाचून काय करायचं, हे बॉक्सच्या सेटिंगवर. एवढ्याशा खुणेवर माणसाचा चेहरा अवलंबून आहे!

मी पिवळी वायर काढून एचडीएमआय लावली (बॉक्सला मागे ते भोक होतं, इतकी वर्षं रिकामं), बॉक्सला टीव्ही १६:९ आहे असं सांगितलं, ४:३ चित्रासाठी पिलरबॉक्स (म्हणजे दोन्ही बाजूंना काळं) निवडलं, संपलं. सिरियल पूर्ण पडद्यावर, सिनेमा मधोमध. मावशी बराच वेळ त्या नटीकडे बघत बसली आणि मग म्हणाली, अगंबाई, ही तर हीच की!

तरी एक दुखणं राहतंच, काही चॅनेलवाले स्वतःच जुनं चित्र ओढून सोडतात, मग आपला बॉक्स कितीही बरोबर असू दे. अशा वेळी टीव्हीच्याच रिमोटवरून ४:३ करून बघा, बऱ्याच टीव्हींवर जमतं, चॅनेलचा लोगो तेवढा बारीक होईल पण माणसं माणसांसारखी दिसतील. आणि ते ‘पॅनोरमा’ की ‘स्मार्ट’ नावाचं सेटिंग कृपया वापरू नका, त्यात मधलं चित्र बरं ठेवून फक्त कडा ओढतात, कॅमेरा फिरला की बाजूची माणसं फुगत फुगत मध्ये येऊन बारीक होतात, मला तर गरगरायला होतं. ब्रिटनमध्ये १९९८ला डिजिटल आलं तेव्हा बीबीसीने जुन्या टीव्हीवाल्यांसाठी मधला १४:९ आकार काढला होता, कडा थोड्या कापायच्या, पट्ट्या थोड्या ठेवायच्या. कापाकापीच आहे ती पण, पण निदान विचार करून, आणि आकार न बिघडवता.

कापाकापीवरून मला जे सांगायचंय ते आता सांगते, एवढं सगळं लिहायला बसले ते त्याच्यासाठीच. आई-बाबांच्या लग्नाची १९८९ची कॅसेट होती आमच्याकडे. व्हीएचएस, अर्थात ४:३. काही वर्षांपूर्वी ती एका दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर घेतली, दुकानदार म्हणाला फुल स्क्रीन करून देतो मॅडम, आणि मी हो म्हणाले, तेव्हा मला काही कळत नव्हतं यातलं. परवा सेटिंग नीट झाल्यावर आई म्हणाली आता लग्न लाव बघू. लावलं. चेहरे बरोबर, काही ओढलेलं नाही, पूर्ण पडदा भरलेला. पण त्याने वरचा आणि खालचा भाग कापून टाकलाय. ४:३चं १६:९ करताना पाव चित्र जातं, वरून साडेबारा टक्के, खालून साडेबारा. अंतरपाट धरलाय तो अर्धा दिसतो. बाबांच्या मुंडावळ्या कपाळावर सुरू होतात तिथेच चित्र संपतं. मंगलाष्टकं चालू आहेत आणि अक्षता हवेतून पडताना दिसतच नाहीत, एकदम खांद्यावर दिसतात. आणि मागे आजोबा उभे होते, आईचे वडील, चांगले उंच, ते गळ्यापासून खाली. सबंध लग्नात ते तसेच. आईने दोनदा विचारलं, आणखी वर सरकवता येतं का गं? नाही येत. ओढलेलं चित्र परत दाबता येतं, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की झालं, पण कापलेलं कुठून आणणार. मूळ कॅसेटला तोवर बुरशी लागली होती, ती आम्ही टाकून पण दिली. आजोबांचा हलता-चालता असा दुसरा व्हिडिओ नाही आमच्याकडे.

तुमच्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात अशी कॅसेट असेल तर ती उतरवून घेताना दुकानदाराला सांगा की चित्र आहे तसं, ४:३, बाजूला काळं राहू दे, आणि मूळ कॅसेट टाकू नका.

डोंबिवलीच्या मामाकडे त्याच लग्नाची दुसरी कॅसेट निघाली आहे, कॅसेटवरून कॅसेट केलेली, थोडी पुसट आहे म्हणतो, पण चालते. गेल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन घेऊन आले आणि दुसऱ्या दुकानात दिली. कागदावर लिहून दिलंय, वर चौकोन काढून, मध्ये चित्र, दोन्ही बाजूंना पेनने काळं केलेलं. शनिवारी मिळणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.