गुडघ्यामागची गोचीड

आज रानातून फिरून आलो. वाटभर सगळ्यांना धास्ती सापाची. गोचिडीचं नाव काढलं तर हसले, "ती कुत्र्यांना लागते!" आणि एकाच्या गुडघ्यामागे निघालीच. लगेच सल्ले सुरू: तेल लावा, काडी पेटवून चटका द्या. (चटका द्यायची हौस भारी असते लोकांना.) त्याने उलट तिची लाळ जखमेत उतरू शकते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरली, सरळ वर ओढली, निघाली.

ती उडी मारत नाही, गवताच्या टोकावर दबा धरून बसते. म्हणून पँट मोज्यांत खोचायची. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे जंतू अंगात जायला बहुधा २४ तासांहून जास्त लागतात, तेव्हा त्याच संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे तपासलं तर बराच धोका टळतो. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना आधी हा चावा सांग, असं त्याला बजावलंय.