दोन खुणांचा नकाशा

मोजणीच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं ते भांडण घेऊनच. भावाभावांचा बांध, शेजाऱ्याची रात्रीतून सरकलेली भिंत, नाहीतर कोर्टाची तारीख. भांडण नसलेलं एक काम गेल्या हिवाळ्यात आलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

इंग्लंडहून साठीच्या एक बाई आल्या होत्या. आई पोलिश, लहानपणी कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या वसाहतीत वाढलेली, आता हयात नाही. आईची बराक कुठे होती ती जागा त्यांना जमिनीवर बघायची होती. ‘साधारण ह्या बाजूला’ असं हात हलवून सांगणारे त्यांना आधीच भेटले होते. म्हणून कुणीतरी माझा नंबर दिला.

कोल्हापूरकरांना हा कॅम्प ऐकून माहीत असतो. भाषणांत तो ‘महाराजांनी आसरा दिला’ एवढ्यावर संपतो. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना ठेवून घेतलं, ते खरंच. पण वळिवड्याचा कॅम्प १९४३ साली सुरू झाला तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर लहानगं दत्तक मूल होतं आणि कारभार रीजन्सीचा, म्हणजे त्याच्या वतीने राज्य चालवणाऱ्यांचा होता. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा, व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची, जमीन करवीर संस्थानची. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं स्टेज, स्काऊट, सगळं कॅम्पात. एवढं गाव वसवायला आधी कुणीतरी माळावर मोजणीची साखळी ओढली असणार. त्याचं नाव कुठल्याच कोनशिलेवर नाही. आमच्या धंद्यात ते चालायचंच.

बाईंनी आईचा प्रवास सांगितला, तो मी मागून नकाशावर बोट ठेवत पाहिला. फेब्रुवारी १९४० मध्ये रशियनांनी पूर्व पोलंडमधल्या घरातून उचललं, अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूडतोडीला. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये पोलिश आणि सोव्हिएत सरकारांचा करार झाला, कैदी सुटले, त्यांच्यातून जनरल अँडर्सची पोलिश फौज उभी राहू लागली. वडील फौजेत. बायकापोरं फौजेच्या मागे मागे उझबेकिस्तानात, कारण फौज जिथे तिथे थोडं तरी खायला. ऑगस्ट १९४२ मध्ये क्रास्नोव्होद्स्कहून जहाजाने कास्पियन ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात. वाळूवरच तंबू. टायफसच्या भीतीने कपडे जाळले, डोकी भादरली, आणि उपाशी पोटाला एकदम मटण मिळाल्याने कितीतरी माणसं तिथे दगावली. त्या वर्षी दोन खेपांत लाखाहून जास्त पोलिश माणसं अशी बाहेर पडली. त्यात सैनिकच जास्त. पुढे तेहरान, अहवाझ, कराची आणि वळिवडे. वडील इराक-पॅलेस्टाइनमार्गे इटलीत गेले ते १९४४ च्या मे महिन्यात मोंते कासिनोच्या लढाईत पडले, तिथेच राहिले. ते लढले त्या ब्रिटिशांच्या आठव्या फौजेत आपले मराठा लाइट इन्फंट्रीवालेही होते. त्यांच्यातले यशवंत घाडगे त्याच उन्हाळ्यात इटलीत पडले. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता काम. बाईंकडे कॅम्पाच्या आराखड्याची झेरॉक्स होती, तिच्यावर आईने म्हातारपणी पेन्सिलने फुली मारलेली. शेजारी नोंद: रस्त्यापासून चौथी बराक. आराखड्याला स्केल नाही. त्यातही झेरॉक्स कागद लांबीत एक आणि रुंदीत दुसरंच ताणते, हे नव्या पोरांना सांगून पटत नाही. ते मोबाइलवर फोटो टाकतात, गूगलच्या चित्रावर पसरतात आणि ‘बसलं’ म्हणतात. बसवलं की सगळंच बसतं! मी उभं आणि आडवं स्केल वेगवेगळं काढलं. उभ्यासाठी रूळ, स्टेशन ते फाटक. आडव्यासाठी रूळ ते जुना रस्ता, गाव नकाशावरून. मग पडताळ्याला तिसरा बिंदू घेतला, ओढ्याचं वळण. फरक आला तो हाताने काढलेल्या आराखड्याच्या मानाने मला अभिमान वाटावा इतका कमी.

जागेवर गेल्यावर रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्राचा, उपयोग शून्य. कॅम्प मोडला तेव्हा फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकींत जागा मिळाली, त्याचं गांधीनगर झालं, आणि आज तिथे अख्खा पश्चिम महाराष्ट्र लग्नाचा बस्ता बांधायला येतो. वर पत्रे, मध्ये तारा, आभाळच दिसत नाही तर फिक्स कुठला मिळणार? रुळाकडून टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीने, टप्प्याटप्प्याने मोजत ट्रॅव्हर्स आणला. दुर्बिणीसमोर प्रिझम, म्हणजे नेम धरायची काच, धरलेल्या आमच्या पोराला हमाल गठ्ठ्यासकट ढकलत होते आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारत होतं, ‘साहेब, रस्ता रुंदीकरण का?’ एका दुकानदाराने तर घाबरून बाहेरची पायरी आत ओढली.

बिंदू आला तो साड्यांच्या गोडाऊनच्या बोळात. खिळा मारला, भोवती लाल रंग केला. बाई वाकून बघत असतानाच समोरच्या दुकानातून नव्वदीला आलेले दादा काठी टेकत आले.

“क्या ढूँढते हो?”

सांगितलं. दादांनी मान हलवली. सिंधहून आले तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे. त्यांचं बिऱ्हाड ह्याच ओळीत, भिंतीवर गोऱ्या लोकांनी घातलेला नंबर तसाच होता. तो नंबर त्यांनी बाईंच्या कागदावर न बघता सांगितला. आईचाच. “पण इथे नाही. तिथे,” म्हणाले, आणि काठीने पुढची जागा दाखवली. मी मोजलं: साडेअकरा मीटर. आराखड्यावरून दोन बराकींमधलं अंतरही जवळपास तेवढंच येतं.

हद्दीच्या कामात शेजाऱ्याच्या तोंडी साक्षीला मी कधी किंमत देत नाही. पण शेजाऱ्याला जमीन हवी असते. दादांना काय हवं होतं? बाईंबरोबर आलेल्या स्वागत समितीच्या गृहस्थांना मात्र घाई होती. कोल्हापुरातल्या महावीर गार्डनमधल्या पोलिश स्मारकावर फुलं आणि फोटोग्राफर ताटकळत होते. “मॅडम, दहा मीटर इकडं की तिकडं, काय फरक पडतो?” असं ते म्हणाले. ज्यांना फरक पडत नाही त्यांनी बरोबर येऊच नये. बाई दादांच्या दुकानात स्टुलावर बसल्या, चहा घेतला, आणि तासभर त्या दोघांचं मोडक्या हिंदी-इंग्रजीत बराकीत पावसाचं पाणी कुठून गळायचं ह्यावर चाललं. फुलं नंतर गेली.

मी त्यांना नकाशा दिला तो दोन खुणांचा: ‘अ’ गणिताने, ‘ब’ दादांच्या सांगण्यावरून, दोन्हींना अक्षांश-रेखांश. माझा भागीदार अजून चिडवतो, एका बराकीला दोन जागा देणारा मोजणीदार म्हणून. त्याचं चुकत नाही. पण दोन्हींतली एक खोडायला माझ्याकडे आधार नाही. कदाचित आईने मोजताना रस्त्याकडेची पहिली बराक धरली नसेल. कदाचित नंबर मध्ये बदलले असतील. आणि माझा संशय रुळावरच जास्त आहे. तेव्हा मिरज-कोल्हापूर मीटरगेज होती; ब्रॉडगेज करताना मार्ग वळणावर थोडा बाहेर सरकवला असेल, तर माझ्या मोजणीचा आरंभबिंदूच हलला आणि दादा बरोबर. जुन्या लाइनचा नकाशा मागायला अर्ज दिलाय. संबंधित कार्यालयातून एकदा उत्तर आलं, अर्ज दुसऱ्या विभागात करा म्हणून. तिथेही केला.

तोवर कुणाच्या घरी कॅम्पाच्या काळातला फोटो असेल तर बघा. बराकीसमोर उभ्या मुलींचे फोटो बाईंकडे भरपूर आहेत, ते नकोत. रूळ, सिग्नल आणि बराकींची टोकं एकाच चौकटीत आलेला एखादा हवाय. धुरकट असला तरी चालेल.