गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पावस ते पूर्णगड या पट्ट्यात ज्यांच्याकडे जुनी पिकअप आहे, त्यांतल्या बहुतेकांनी हा प्रश्न मला कधी ना कधी केलाय: "क्लच खाली बसला, गिअर पडत नाही. गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवू म्हणतो. उतरवू का?"

थांबा. आधी बॉनेट उघडून क्लचच्या डबीतलं तेल बघा, मग गाडीखाली जा.

माझ्यावर ही पाळी भर एप्रिलात आली. आंब्याच्या साठ पेट्या भरून वाशीला निघालो होतो. परशुराम घाटात पेडल पायाखाली निपचित पडलं. पाच-सहा वेळा भराभर दाबलं की एक गिअर पडायचा, पुन्हा मऊ. लोट्यापर्यंत कशीबशी नेली, पेट्या दुसऱ्या गाडीत चढवल्या आणि आपली गाडी टोचन करून घरी आणली. एका गॅरेजात सांगितलं, क्लचची प्लेट गेली. ते मला पटेना. पेडल मारून मारून गिअर पडतो म्हणजे दोष तेलाच्या दाबात आहे. प्लेट संपली की इंजिन ओरडतं, गाडी चढ चढत नाही. ही दोन दुखणी वेगळी, आणि खर्चात फार मोठा फरक.

पेडलच्या मागे, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, क्लचचा अप्पर सिलेंडर. तिथून पाइप खाली येतो, गिअरबॉक्सच्या बाजूला दोन बोल्टवर लोअर, म्हणजे खालचा सिलेंडर. पेडल दाबलं की तेलाचा दाब त्याचा पिस्टन ढकलतो. जुन्या गाड्यांत तो बाहेर असतो म्हणून गिअरबॉक्स न उतरवता निघतो. काही नव्या गाड्यांत तो घंटीच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या, आत बसवलेला असतो, तिथे मात्र उतरवण्यावाचून इलाज नाही.

मी लोअरचा रबरी बूट बोटानं मागे सरकवला. आतून काळं, पातळ तेल मनगटापर्यंत ओघळलं. बूट कोरडा असायला हवा. पिस्टन काढून सिलेंडर फडक्यानं पुसला आणि आत नख फिरवलं. मधोमध नख अडकलं. बारीक खड्डे, गंजाचे. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडची दमट हवा, तेल वर्षानुवर्षं तेच, मग सिलेंडर आतून गंजणारच. नख गुळगुळीत फिरलं तर तीसेक मिनिटांत किट, म्हणजे आतल्या रबरांचा नवा संच, टाकून मोकळे व्हा. अडकलं तर अख्खा सिलेंडर बदला, कारण त्या खड्ड्यांवर नवं रबर पुन्हा कातरलं जातं. मी पहिल्यांदा नुसतं किट टाकलं होतं. पावसाळ्याआधीच पेडल पुन्हा बसलं.

सगळ्यात जास्त नुकसान पाइपचा नट काढताना होतं. आदल्या संध्याकाळी गंजाचं तेल मारून ठेवा. पाइपच्या नटाचा खास पाना मिळतो, तोच वापरा. साध्या पान्यानं नट गोल होतो आणि पाइप पिळला जातो. सिलेंडर बोल्टवर घट्ट आहे तोवरच नट ढिला करायचा. लावताना उलट: सिलेंडर मोकळा असतानाच नट हातानं तीन-चार आटे चढवायचा, मगच बोल्ट आवळायचे. लोअर बाहेर काढलेला असताना पेडलला कुणाचाही पाय लागू देऊ नका, पिस्टन सुटून बाहेर येतो. आणि चिऱ्यांच्या चळतीवर गाडी टेकवून खाली शिरू नका, हे हात जोडून सांगतो. चिरा बाहेरून धड दिसतो आणि वजनाखाली फुटतो. घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, लावा.

मग हवा काढणं. माझा पुतण्या पेडलवर, मी खाली. "दाब. धर." मी लोअरवरचं हवा काढायचं निप्पल पाव फेरा उघडतो, नळीतून बुडबुडे येतात, बंद करतो. "सोड." निप्पल उघडं असताना पेडल सुटलं तर हवा परत आत. दर चार-पाच वेळांनी डबी भरायची, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून. त्या दिवशी अर्धा तास करूनही पेडल मऊच. तेव्हा बंद निप्पलनं लोअरचा पुशरॉड, म्हणजे पिस्टनपुढची दांडी, हातानं हळूहळू आत दाबला आणि सोडला, सात-आठ वेळा. वर डबीत गुड् गुड् करत बुडबुडे फुटले. हवेला वर जायचं असतं, तिला वरची वाट दिली की काम लवकर होतं. पुतण्यानं पेडल दाबलं आणि ओरडला, "काका, आता कडक लागतंय!"

डबीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल घाला, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइलचा थेंबसुद्धा नको, त्यानं रबर फुगतं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उलतो. फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, तीही पाणी ओढते. मी आता दर दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर, पाऊस सरला की तेल बदलतो. जुनं तेल पांढऱ्या वाटीत काढून बघतो. गेल्या खेपेला मधासारखं निघालं.